एकवीस ठिपके

विद्या,

आज बारावा दिवस. बारा दिवस घरात तुझी स्तुती चाललीय आणि ती ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. येणारा माणूस दारात चप्पल काढता काढताच सुरू करतो. किती शांत पोर. कधी आवाज चढवला नाही. उलटून बोलणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तिला. काल कुंभकोणमहून अत्त्या आली. तिनं पदर डोळ्यांना लावून सांगितलं, "ऑटोत घालून आस्पत्रीला नेत होते ना, तेव्हां मी फोन केला. तर मलाच विचारली, अत्त्या, तुम्ही जेवलांत कां?" आणि हॉलमध्ये बसलेल्या सगळ्या बायकांनी माना हलवल्या. काय पोर होती, म्हणे.

मी तिथून उठले, मागच्या अंगणात गेले आणि नळाखालच्या बादलीला लाथ मारली. बादली पितळेची निघाली. अंगठा सुजलाय. तुझी आई, माझी काकी, मागून आली आणि म्हणाली, "ह्या वेळेला तरी, जानू." ह्या वेळेला तरी! मग कोणत्या वेळेला, ते एकदा लिहून द्या मला.

जेवलांत कां, म्हणे. पोटात अपेंडिक्स फुटून पू झालेला, अंगात ताप, श्वास घेता येत नाही, आणि ही बया कुंभकोणमची चौकशी करतेय. तू समोर असतीस तर दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं असतं तुला. आत्ता कुणाला हलवू?

सव्वीस वर्षांची बाई अपेंडिक्सनं मरते का गे? आजकाल? आपल्या घरापासून आस्पत्री ऑटोनं दहा मिनिटांवर आहे. ज्या डॉक्टरनं ऑपरेशन केलं त्यानं बाहेर येऊन काकाला विचारलं, "ही चार दिवस चालत-फिरत होती? कशी?" आणि मग म्हणाला, "सहनशक्ती फार असणार." काकाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी, तुला सांगते, रडत असताना सुद्धा, थोडासा अभिमान आला. मी पाहिला. तेव्हापासून मी काकाशी धड बोललेले नाही.

आपल्या दोघींची वाटणी फार लवकर झाली. भिंतीला भिंत लागून दोन भावांची दोन घरं, चार महिन्यांच्या अंतरानं दोन मुली. मी थाळा फेकायची, दार आपटायची, राजवाड्याच्या मागची अख्खी गल्ली गोळा करायची. तू गिळायचीस. मग मी झाले तोंडाळ आणि तू झालीस गुणी. सणासुदीला पाहुणे आले की आपल्याला शेजारी उभं करून हेच सांगायचे, ही अशी आणि ही अशी. मला त्याचं वाईट वाटायचं असं तुला वाटे. मला वाईट वाटायचं नाही, मला तुझी कीव यायची. तोंडाळ मुलीला निदान लोक विचारतात तरी, काय झालं गे बये? गुणी मुलीला कोण विचारतं?

तुला न्हाण आलं तेव्हाचं आठवतं का? बारा वर्षांची होतीस. काकीनं सगळी नातलगं बोलावली, तुला रेशमी पट्टूची साडी गुंडाळली, खुर्चीत बसवलं, फोटोवाला आणला. ओवाळून ओवाळून बायकांनी तुझं तोंड हळदीनं पिवळं केलं. तू हसत होतीस. प्रत्येक फोटोत हसतेस. आणि पाळीचे दिवस उलटून गेल्यावर पहाटे उठून तू दारात पिठाची रांगोळी, कोलम घातलंस, ठिपक्यांचं, असलं मोठं की रस्त्यावरच्या सायकलला वळून जावं लागलं. तोवर तू पाच ठिपक्यांच्या वर कधी गेली नव्हतीस. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. काकीला म्हणाल्या, पोर मोठी झाली खरी, किती आनंदात आहे बघा.

संध्याकाळी मागच्या पायरीवर मी तुला म्हटलं, छान घातलंस. तू म्हणालीस, "जानू, मला घरातली सगळी ताटं फोडायची होतीं. फोडतां येत नाहीं म्हणून घातली."

तिथंच आपण ठरवलं. कल्पना माझी होती, हे आज कबूल करते. मला तेव्हा फार हुशार वाटलं होतं. मधल्या ओळीत पाच ठिपके म्हणजे आज बरं आहे. नऊ म्हणजे कुणीतरी काहीतरी बोललं, पण चालेल. पंधरा म्हणजे संध्याकाळी मागच्या पायरीवर ये. आणि एकवीस म्हणजे आत्ता ये, असशील तशी ये. एकवीस ठरवताना आपण हसलो होतो, कारण दारात तेवढी जागाच नव्हती, अर्धं कोलम आमच्या दारात आलं असतं.

अख्ख्या गल्लीसमोर, रोज पहाटे, तू तुझ्या मनात काय चाललंय ते पांढऱ्या पिठानं लिहून ठेवायचीस आणि लोक त्याच्यावरून पाय चुकवत जात, वा वा करत. काका तर कौतुकानं फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचा. जितकी तू जळायचीस तितकं कौतुक वाढायचं. आपल्याला त्याचंही हसू यायचं. गाढव होतो आपण.

त्रिचीच्या कॉलेजात गणिताच्या पीएचडीला तुला जागा मिळाली तेव्हा तू पहिल्यांदा एकवीस घातलंस. काका म्हणाला होता, आधी लग्न, मग नवऱ्याला विचार. तू म्हणालीस, "परवाइल्लै अप्पा." काही हरकत नाही! दोन वर्षं अभ्यास केलेला, आणि काही हरकत नाही. मी सुट्टीला घरी आलेली. पहाटे दात घासायला बाहेर आले, आमच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं ते कोलम पाहिलं आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून पळत आले. तू मागच्या पायरीवर होतीस. माझं मनगट धरलंस, नखं रुतेपर्यंत. अर्ध्या तासानं उठलीस, तोंड धुतलंस आणि काकाला कॉफी नेऊन दिलीस.

त्यानंतर तू ओरत्तनाडुच्या शाळेत लागलीस. एकदा मी तुझ्याबरोबर बसनं आले. शाळा सुटल्यावर तुला ओढत मुक्तांबाळ छत्रात, त्या जुन्या धर्मशाळेत नेलं, मागच्या बाजूला, जिथं कुणी येत नाही. मी म्हटलं, "इथं ओरड. काकाचं नाव घेऊन ओरड. इथं कोण ऐकतंय?" तू इकडे पाहिलंस, तिकडे पाहिलंस, छाती भरून श्वास घेतलास, तोंड उघडलंस, आणि मांजराच्या पिलासारखा एक आवाज निघाला. बस्. एवढाच. दगडी खांबांवरचं एक कबूतर सुद्धा उडालं नाही. आपण पोट धरधरून हसलो, तू जमिनीवरच बसलीस हसून हसून. परतीच्या बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "माझ्याजवळ तो आवाजच नाहीं जानू. शोधलीं मी आत. नाहीं." तेव्हा मी तुझी चेष्टा केली. चेष्टा करायची गोष्ट नव्हती ती.

आणि दिवाळीतलं आपलं भांडण. ते अर्धं राहिलंय, त्याचं काय करू सांग. मी चेन्नईहून आले होते. स्थळांची यादी बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तुझ्यातर्फे काकाशी भांडले, काकीशी भांडले, मोठमोठ्यानं, आणि तू स्वयंपाकघरात मुकाट्यानं वड्या थापत होतीस. नंतर मी तुझ्यावर घसरले. म्हटलं, मूग गिळून काय बसतेस, तू बोलल्याशिवाय हे थांबणार नाहीत. तेव्हा तू, आयुष्यात पहिल्यांदा, मला उलट बोललीस.

"तू ओरडतेस आणि रात्रीची गाडी धरून जातेस. मग आठ दिवस हीं सगळीं माझ्यावर ओरडतात. तुझा राग पण मीच खातें, जानू. माझा खातें, तुझा पण खातें."

मी खरोखरच रात्रीची गाडी धरून गेले. खरं बोललीस, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते मी तीन महिने फोनवर म्हणाले नाही, कारण खरं मान्य करायला माझं नाक आड येतं. आता म्हणते. खरं बोललीस गे.

मी चेन्नईला काय काम करते ते तुला ठाऊक आहे. कंपनीत माणसांची काळजी घेण्याचं खातं. दर महिन्याला मी पडद्यावर चित्रं दाखवून तरण्या मुलींना सांगते, मनात ठेवू नका, बोला, रडा, मदत मागा. मुली वहीत लिहून घेतात. तू मरायला टेकली होतीस त्या सोमवारी मी नेमका तोच वर्ग घेत होते. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी पुण्याला गेले तेव्हापासून तू रोज पहाटे कोलमचा फोटो पाठवायचीस. पुण्यात दोन वर्षं, मग चेन्नईत तीन. पाच ठिपके, पाच, नऊ, पाच. पंधरा आले की मी संध्याकाळी फोन करायची, मागच्या पायरीऐवजी. एवढं तरी मी पाळलं. आणि मग मार्गळी महिना आला.

आता हे कुणा बाहेरच्याला सांगितलं तर हसेल. पण आपल्याकडे मार्गळीत गल्लीतली यच्चयावत बाई पहाटे पाचला उठून मोठ्यात मोठं कोलम घालते, मध्ये शेणाचा गोळा, त्यात भोपळ्याचं फूल, शेजारणीपेक्षा एक ओळ जास्त. महिनाभर कुणाचंही कोलम लहान नसतं. तुझंही नसायचं. आपण खुणा ठरवल्या तेव्हा या महिन्याचा विचारच केला नाही. दर वर्षी मार्गळीत आपली भाषा बंद असायची आणि पोंगलला तै महिना लागला की चालू व्हायची. तू कधी त्यावर काही म्हणाली नाहीस. मीही नाही.

मधूनं मला सगळं सांगितलं, तुझ्या धाकट्या बहिणीनं. शुक्रवारी तुझं पोट दुखायला लागलं. काकीनं ताकात हिंग घालून दिला. शनिवारी तू वाकून चालायला लागलीस तेव्हा कोपऱ्यावरच्या क्लिनिकात नेलं. डॉक्टरनं तुला विचारलंच नाही, काकीला विचारलं, "लग्नाचं चाललंय का?" काकी म्हणाली, होय, पोंगलनंतरच्या रविवारी मुलाकडचे पाहायला येणार. मग काय, डॉक्टरला उत्तर सापडलं. "टेन्शन. ह्या वयाच्या मुलींना होतंच." पोटाला हातसुद्धा लावला नाही. आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. मधू सांगते, तू खुर्चीत बसून हसत होतीस.

म्हणजे कसं बघ. मनाला लागलं की म्हणायचं, काही नाही, पोट बिघडलंय. पोट फुटायला आलं की म्हणायचं, काही नाही, मनाला लागलंय. तुझ्या दुखण्याला कुठलंच दार नव्हतं त्या घरात.

सोमवारी तू ओरत्तनाडुच्या बसमध्ये उभी राहून शाळेत गेलीस, पेपर तपासायचे राहिले होते म्हणून. मंगळवारी भोगीला घर झाडलंस. काकी तुला म्हणाली, "चेहरा पडलाय गे, रविवारी असा ठेवूं नकोस, जरा हस." आणि बुधवारी पोंगलच्या सकाळी, अंगणात दूध उतू आलं, सगळे "पोंगलो पोंगल" म्हणून ओरडत होते, वर्षातला तो एक दिवस ज्या दिवशी आपल्या घरात सगळ्यांना ओरडायची मुभा असते, तेव्हा तू मडक्याशेजारी खाली बसलीस ती उठलीच नाहीस. मी संध्याकाळी थेट आस्पत्रीत पोहोचले तेव्हा तुला आत नेलं होतं. शुक्रवारी तू गेलीस. माझ्याशी बोलली नाहीस.

पहिले आठ दिवस मी तुझ्यावर इतकी संतापले होते की मला रडता येईना. रविवारी मी फोन केला होता तुला! आवाज असा कां, म्हणून विचारलं होतं! तू म्हणालीस, "ओण्णुम इल्लै." काही नाही. मराठीत खोटं बोलायची वेळ आली की तुझी नेहमी तमिळ सुरू व्हायची. मी मनात तुला शिव्या घातल्या. मला सुद्धा सांगितलं नाहीस? ओरडायला येत नव्हतं, ठीक, पण मला एक शब्द? एक शब्द टाकला असतास तर मी त्या डॉक्टरची गचांडी धरली असती, काकाला बाजूला सारून तुला गाडीत घातलं असतं. मीच एक होते ना तुझ्याजवळ आरडाओरडा करणारी? मग मला कां नाही वापरलंस?

नवव्या दिवशी मी फोनमधले तुझे फोटो काढून बसले. रडायला यावं म्हणून. आणि सवयीनं बोट ठेवून ठिपके मोजले.

शनिवार. मधल्या ओळीत एकवीस.

रविवार. एकवीस.

सोमवार. एकवीस. यात एका बाजूला पीठ सांडलंय, तू हात टेकला असशील.

मंगळवार. एकवीस. उजवीकडची शेवटची रेघ जोडलेलीच नाही. उघडी सोडलीय. बारा वर्षांची असल्यापासून तू रेघ उघडी सोडलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्याच्या आधीच्या दिवसांचेही मोजले, खात्री करायला. मार्गळीतले बाकीचे सगळे फोटो. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. एकवीस एकदाही नाही. मोठी घातलीस, महिना होता म्हणून घातलीस, पण तो आकडा राखून ठेवला होतास. शेजारणीकडे पंचवीसचं असताना तू एकोणीसवर थांबलीस. माझ्यासाठी थांबलीस.

चार दिवस तू मला सांगत होतीस, आत्ता ये. पोटात ते सगळं घेऊन, कमरेत वाकून, चार पहाटे, चारशेच्यावर ठिपके एकेका दिवशी. आणि मी काय पाठवलं उत्तर? लाल बदाम. चारही दिवस. मंगळवारी, त्या उघड्या रेघेखाली, बदाम आणि "सूपर डी".

मार्गळी आहे म्हणून, विद्या. मार्गळीत सगळ्यांचीच मोठी असतात म्हणून. मी मोजले नाहीत.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बादलीला लाथ कां मारली ते काकीला वाटतं तिच्यावरच्या रागानं. तिच्यावरही होता. पण मी त्या हॉलमध्ये बसलेल्या कुठल्या बाईपेक्षा वेगळी होते? त्यांनीही वा म्हटलं, मीही वा म्हटलं. त्यांना खूण ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती.

आणि आता मधूचं ऐक. तुझी सोळा वर्षांची बहीण बारा दिवस रडलेली नाही. पाहुण्यांना कॉफी देते, भांडी घासते, काकाच्या गोळ्या वेळेवर देते. बायका म्हणतात, "अगदी विद्यासारखी. किती समजूतदार." आज दुपारी ती कपडे वाळत घालताना दोरी धरून थांबली, डोळे मिटून. मी म्हटलं, काय होतंय? ती वळली आणि हसली. तुझं हसणं, तंतोतंत. "ओण्णुम इल्लै, अक्का."

एक गेली, दुसरी तयार होतेय. सगळं घर हातभार लावतंय तिला घडवायला. उद्या तेरावा. बारा दिवस दारात कोलम नाही, उद्या गोडाचं जेवण झालं की घालायचं. काकीनं ठरवलंय, मधूनंच घालायचं. विद्यासारखं मोठं.

मी इथं मागच्या पायरीवर बसून हे लिहितेय, देवनागरीत. या घरात देवनागरी वाचणारं कुणी नाही. बोलतात मराठी, वाचतात तमिळ. मी शाळेत हिंदी घेतलं आणि पुण्यात राहिले म्हणून मला येतं. तुलाही येत नव्हतं. मला वाटलं, बरंय, मनातलं सगळं लिहू, कुणाच्या डोळ्यांसमोर पडलं तरी कळायचं नाही. इथवर लिहिल्यावर मधू येऊन शेजारी बसली, वहीत डोकावली आणि म्हणाली, "काय लिहितेस अक्का? अक्षरं छान आहेत."

छान आहेत, म्हणे.

मी परत तेच करत होते ना? कुणाला वाचता येणार नाही असं सुंदर काहीतरी काढून ठेवायचं आणि लोकांनी छान म्हणायचं. बारा वर्षांची असताना मीच तुला शिकवलं ते. पोरीला ओरडायला शिकवायच्या ऐवजी खुणा शिकवल्या.

मी मधूला म्हटलं, बस. आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवलं. बादली, काकाचा अभिमान, छत्रातलं मांजराचं पिल्लू, सगळं. चारही दिवसांचे ठिपके वाचले. लाल बदाम सुद्धा वाचले. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "तुला ठाऊक होतं?" मी म्हटलं, होय. ती उठली आणि आत निघून गेली. माझ्यावर थुंकली असती तरी चाललं असतं मला.

हे पुढचं तेराव्या दिवशी लिहितेय.

जेवणं झाली. काकीनं दारात पाणी शिंपडलं आणि पिठाची वाटी मधूच्या हातात दिली. गल्लीतल्या सात-आठ बायका उभ्या होत्या. काकी म्हणाली, "घाल गे. विद्यासारखी घाल, मोठी."

मधूनं वाटी उंबऱ्यावर ठेवली. म्हणाली, "नाहीं घालत."

"कां?"

"राग आलाय मला."

"हळू बोल," काकी म्हणाली, "चार माणसं आहेत."

आणि विद्या, मग ती ओरडली. तुला जो आवाज आत शोधून सापडला नव्हता तो त्या काटकुळ्या पोरीच्या पोटातून निघाला. "राग आलाय मला! अक्काचं पोट दुखत होतं आणि तू तिला हस म्हणालीस! जानूअक्काला ठाऊक होतं आणि तिनं मोजलं नाहीं! मी पण तिथं होतें, मी डॉक्टरला कांही बोललें नाहीं! सगळ्यांचा राग आलाय मला!" समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. काका आतून धावत आला आणि दारातच थांबला.

काकी माझ्याकडे वळली. म्हणाली, "आम्हांला काय ठाऊक? ती कांही बोलली असती तर नेली नसती कां आस्पत्रीला? बोलली कां नाहीं ती?"

मी म्हटलं, "बोलली होती, काकी." आणि फोन तिच्या हातात दिला. खुणा सांगितल्या, पाच, नऊ, पंधरा, एकवीस. सगळ्यांसमोर सांगितल्या. माझे बदामही दाखवले.

काकी उंबऱ्यावर बसली. चष्मा पुसला. शनिवारच्या फोटोवर बोट ठेवून मोजायला लागली. ओठ हलत होते तिचे, तमिळमध्ये मोजत होती, ओण्णु, रेण्डु, मूणु. एकवीसला पोहोचली आणि पुढचा फोटो काढला. तोही मोजला. चारही मोजले. कुणी तिला थांबवलं नाही. चौथ्यात ती उघडी रेघ आली तेव्हा तिनं बोटानं काचेवर ती जोडून पाहिली, पुन्हा पुन्हा, आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहीत नाही. काका तिच्याशेजारी येऊन खाली बसला. यावेळी त्याच्या चेहऱ्यावर अभिमान नव्हता.

मला क्षमा मिळाली असं समजू नकोस. मधू माझ्याशी अजून बोलत नाही. पण बोलत नाही म्हणजे तोंड फुगवून, दार आपटून बोलत नाही, असं चांगलं सणसणीत. मी गाडीचं तिकीट रद्द केलंय. ओरडून पळून जायची नाही, या खेपेला ऐकायला थांबणार आहे.

दारात आज कोलम नाही. वाटीतलं पीठ तसंच आहे. संध्याकाळपासून मधू पुढच्या पायरीवर बसून आहे आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारते, तेरावा झाला ना गे, मग दार असं मोकळं कां? आणि प्रत्येकीला ती सांगते, कां ते. मोठ्यानं. पहिल्यापासून.